दोन उलट्या तक्रारी

माळेगावच्या यात्रेत घोडा विकत घेणारा माणूस आधी जनावराचे तोंड उघडतो. दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. मग त्याला चालवून, पळवून, घाम फुटेपर्यंत दमवून परत आणतो आणि छातीशी कान नेऊन श्वास ऐकतो. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या खंडोबाच्या या गावी मार्गशीर्षात भरणाऱ्या बाजारात ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना आज जुन्या मोटरसायकलींचा व्यवहार जोरात चालतो. तिथले गिऱ्हाईक मात्र टाकीवरची चकाकी पाहते, टायरची नक्षी पाहते, आरसी बुकावरचे नाव वाचते, चौकापर्यंत एक चक्कर मारते आणि पैसे मोजते. घाम फुटेपर्यंत गाडी कोणी पळवत नाही. या हकिकतीतला सारा गुंता तिथेच पडला.

हकिकत आहे लातूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांची आणि औसा रस्त्यावर गॅरेज चालवणाऱ्या एका मिस्त्रींची. त्यांची नावे त्यांच्यापाशीच राहू देत. सरांनी ऐन वैशाखात नांदेडहून एक जुनी मोटरसायकल घेतली. दीडशे सीसीचे, हवेवर थंड होणारे इंजिन, एमएच-२६चा नंबर, रंग अजून टिकलेला, भाव माफक. विकणाऱ्याने सकाळी सहाला बोलावले होते, कारण पुढे त्याला ड्यूटी होती. गोदावरीकडून येणाऱ्या गार वाऱ्यात सरांनी चक्कर मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, गिअर लोण्यासारखे पडले, धूर नव्हता, खडखड नव्हती. सर खूश होऊन न्याहारी उरकून लातूरच्या रस्त्याला लागले.

लोह्यापर्यंत सगळे आलबेल होते. तिथे गर्दीत थांबावे लागले आणि पहिली कुरबूर झाली. न्यूट्रल सापडेना. हिरवा दिवा लागायचे नाव घेईना. पाय वर-खाली करून थकला आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे ओढ घेत राहिली. दुसऱ्या थांब्याला ती धक्का देऊन बंदच पडली. माळाकोळीच्या पुढे रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने पाहिले, हसला, क्लचची वायर दोन आटे ताणून दिली आणि पैसेही घेतले नाहीत. गिअर पुन्हा सुरळीत पडू लागले. सरांना तो माणूस देवासारखा भेटला असे वाटले. ही मदतच पुढच्या सगळ्या दुखण्याचे मूळ घट्ट करून गेली होती, हे कळायला फार दिवस लागायचे होते.

अहमदपूर मागे पडले, ऊन डोक्यावर आले आणि बालाघाटच्या माळावरच्या एका साध्या चढाला इंजिन अचानक किंचाळू लागले. मूठ पिळावी तसा आवाज वाढे, वेग मात्र वाढेना. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी विरून जात होती. गुडघ्यांना चटके बसू लागले, जळकट वास सुटला. सरांनी गाडी लिंबाच्या सावलीला लावली. अर्ध्या तासाने सुरू केली, तर ती पुन्हा सकाळच्यासारखी गुणी! चाकूरला पुन्हा तेच, पुन्हा सावली. लातूरला पोचेपर्यंत दिवस कलला होता.

पुढचे काही आठवडे या गाडीने लातुरातल्या निरनिराळ्या गॅरेजांचे उंबरे झिजवले. पहिल्या ठिकाणी क्लच उघडला गेला. घर्षणाच्या प्लेटा करपून काळ्या पडल्या होत्या. निदान उघड होते. नवा संच बसला, वायर कसली गेली, गाडी आठवडाभर वाऱ्यासारखी धावली. मग एका दुपारी बार्शी रस्त्यावर तेच किंचाळणे, तोच वास. दुसऱ्या गॅरेजने क्लचकडे पाहिलेच नाही. त्यांच्या मते रोग तापण्याचा होता, क्लच बिचारा उष्णतेने मरत होता. स्पार्कप्लग काढला तर तो पांढुरका निघाला, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. शोधता शोधता कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला बारीक चीर सापडली. रबर बदलले. ताप उतरला, पण पुरता नाही. तिसऱ्याने मागच्या चाकाच्या ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला. तो चर्रकन उडाला. ब्रेक सुटत नव्हता, लायनर सतत घासत होते, गाडी जन्मभर ब्रेक दाबूनच चालल्यासारखी चालत होती. ब्रेकचा कॅम साफ झाला, ग्रीस लागले. ताप आणखी थोडा उतरला. आणि उरलेला तिथेच राहिला.

या तपासातली खरी अडचण अशी की यातले एकही निदान खोटे नव्हते. प्लेटा खरोखर जळल्या होत्या, रबर खरोखर फाटले होते, ब्रेक खरोखर चिकटत होता. जुन्या गाडीत एकच दोष असण्याची चैन नसते. प्रत्येक दुरुस्तीने थोडा गुण येई आणि त्या थोड्या गुणामुळेच मूळ कारण आणखी काही दिवस लपून राही. चुकीच्या उत्तरापेक्षा अर्धे बरोबर उत्तर शोध घेणाऱ्याला जास्त फसवते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले, सिलिंडर रिबोअर करा, पिस्टन नवा टाका. कोणी म्हणाले, तापली की इंजिनवर पाणी ओता. सरांनी हे एकदाच केले. तापलेल्या धातूवर गार पाणी ओतले तर तो तडकू शकतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाला कळत होते. शिवाय ज्या शहराने २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढले, तिथे भर रस्त्यात बाटलीभर पाणी गाडीवर ओतताना आजूबाजूच्या लोकांनी ज्या नजरेने पाहिले ती त्यांना विसरता येईना. शिक्षकखोलीत तर एकाने सोपा उपाय सांगितला: जशी घेतली तशीच विका, सकाळी सहाला. सरांनी मात्र हट्टाने उलटेच केले. गाडीला काही कमी पडू नये म्हणून पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातून मोटारगाड्यांसाठीचे सगळ्यांत महागडे इंजिन ऑइल आणून तिला पाजले. त्यानंतर क्लच पूर्वीपेक्षा लवकर घसरू लागला.

रिबोअरचे पैसे घेऊन सर औसा रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे गेले. हा माणूस कमी बोलणारा आणि त्याहून कमी पाने चालवणारा म्हणून ओळखला जाई. पाना लावायच्या आधी गाडीला विचारायचे, अशी त्यांची रीत. सरांनी सगळा इतिहास सांगितला. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही.

“सर, आधी गाडी तापायली का आधी क्लच घसरायला?”

“दोन्ही होतंय हो. एकदमच.”

“दोन्ही एकदम होत नस्तंय. काहीतरी आधी होतंय, काहीतरी मागनं. तेवढं वहीत लिहून आणा. मग उघडू.”

रिबोअरचे काय, असे सरांनी विचारले. “इंजिन फाडायला किती येळ लागतो? जोडायला लागतो,” एवढेच उत्तर आले.

पोरांना प्रयोगवही लिहायला लावणाऱ्या माणसाला वही लिहिणे जड नव्हते. सर रोज लिहू लागले: किती वाजता निघालो, किती किलोमीटर झाले, न्यूट्रल मिळाले का, लिव्हर किती सैल, चढाला काय झाले, वायर कोणी आणि कधी कसली. वही मिस्त्रींच्या समोर उघडली गेली तेव्हा तिच्यात, त्या दोघांच्याही आधी लक्षात न आलेला एक क्रम दडलेला होता. पहिली तक्रार नेहमी न्यूट्रलची असे. गिअर जड होत, थांबलेली गाडी ओढ घेई. मग कोणीतरी वायर ताणी. गिअर सुधारत. आणि त्यानंतरच, कधी त्याच दिवशी तर कधी दोन दिवसांनी, क्लच घसरू लागे आणि इंजिन भट्टीसारखे तापे. हा क्रम एकदाही उलटा झालेला नव्हता.

मिस्त्री बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिले. क्लचला कामे दोनच: धरणे आणि सोडणे. लिव्हर सोडली की प्लेटांचा गठ्ठा एकमेकींना घट्ट धरतो आणि इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. लिव्हर दाबली की गठ्ठा सैल होतो आणि दोघांची फारकत होते. गिअर जड होणे म्हणजे क्लच सोडत नाही. चढाला घसरणे म्हणजे क्लच धरत नाही. एकच क्लच सकाळी सोडायला तयार नाही आणि दुपारी धरायला तयार नाही! दोन्ही तक्रारी परस्परविरुद्ध होत्या. आजवर ज्याने त्याने यातली एकच ऐकली होती, म्हणून एकालाही कोडे पडले नव्हते. मिस्त्रींना ते पडले, आणि माझ्या मते या शोधाची खरी सुरुवात त्या क्षणी झाली.

पहिला संशय तेलावर गेला. मिस्त्रींनी सरांकडून तेलाचा रिकामा डबा मागवला आणि मागची बारीक अक्षरे सरांकडूनच वाचून घेतली. त्या अक्षरांमागे एक जुनी, समुद्रापलीकडची गोष्ट आहे. ती सांगायला हवी.

धातूच्या अनेक चकत्या तेलात बुडवून क्लच करावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या प्राध्यापक हेन्री हेल-शॉ यांनी रुजवली. दोन काचांच्या अरुंद फटीतून वाहणाऱ्या द्रवाच्या रेषा लोकांना डोळ्यांनी दाखवणारे म्हणून ते विज्ञानात ओळखले जातात. तेलाचे वागणे त्यांना ठाऊक होते. तेलाने निसरडे करायचे आणि तरीही चकत्यांनी एकमेकींना धरायचे, हे ऐकायला विपरीत वाटते, पण तेल उष्णता वाहून नेते आणि झीज थोपवते. पुढे मोटरसायकलींनी हा क्लच आपलासा केला. जपानी कंपन्यांनी तर इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच पोटात घालून एकाच तेलावर चालवली. मोटारीत असे नसते. तिथे क्लच कोरडा आणि वेगळा असतो. इंजिनाचे तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही.

हा फरक अनेक वर्षे कोणाला खुपला नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ साली मोटारींच्या इंधनबचतीचा कायदा केला आणि तेल बनवणाऱ्यांची शर्यत लागली: इंजिनातले घर्षण जितके कमी, तितके ॲव्हरेज जास्त. तेलात घर्षण मारणारी रसायने, त्यांत मॉलिब्डेनमची संयुगेही, मिसळली जाऊ लागली. मोटारी खूश झाल्या. मोटरसायकली मात्र बिथरल्या, कारण त्यांच्या क्लचला घर्षणावरच जगायचे होते. तेल जितके नवे आणि ‘उत्तम’, तितका क्लच घसरण्याचा धोका जास्त. शेवटी १९९८ साली जपानच्या वाहन मानक संस्थेने, जासोने, चारस्ट्रोक मोटरसायकलींच्या तेलासाठी टी ९०३ हे स्वतंत्र मानक काढले. यंत्रावर प्रत्यक्ष क्लचप्लेटा फिरवून तेलाची परीक्षा घ्यायची. जे तेल घर्षण टिकवते त्याला ‘एमए’, जे ते कमी करते त्याला ‘एमबी’. तेव्हापासून मोटरसायकलीच्या तेलाच्या डब्यावर मागच्या बाजूला ही दोन अक्षरे दिसतात. जगभरातल्या प्रयोगशाळांचा एवढा खटाटोप त्या दोन अक्षरांत मावलेला आहे आणि गिऱ्हाईक ती वाचत नाही.

सरांच्या डब्यावर जासोचे नाव नव्हते. इंधनबचतीची इंग्रजी ग्वाही मात्र गोल चिन्हात ठळक छापलेली होती.

“हेच की, सर. मोटारीचा खुराक घोड्याला घातलाव तुम्ही.”

तेल काढले गेले. एमए शिक्क्याचे, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचे तेल पडले. क्लचची वायर मिस्त्रींनी सैल केली, लिव्हरच्या टोकाला बोटभर रुंदीचा मोकळा खेळ ठेवला. दुसऱ्या दिवशी सर भर दुपारी मुरुडच्या बाजूला जाऊन आले आणि आनंदाने जवळजवळ ओरडतच गॅरेजात शिरले: घसरणे थांबले होते, गुडघ्याला चटका नव्हता. पोराला चहा सांगितला गेला. रोग सापडला, असे दोघांनीही मानले.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी वहीत नोंद झाली: न्यूट्रल मिळत नाही.

म्हणजे अर्धेच कोडे सुटले होते. क्लच आता धरत होता, सोडत नव्हता. वायर पुन्हा ताणली असती तर गिअर पुन्हा सुरळीत झाले असते आणि सर हसत घरी गेले असते. मिस्त्रींनी पान्याला हात लावला आणि काढून घेतला. त्यांनी त्या दिवशी वायर ताणली नाही. आजवर या गाडीला ज्याने हात लावला, त्याने नेमकी हीच एक गोष्ट केली होती.

क्लच उघडला गेला. घर्षणाच्या प्लेटा जवळजवळ नव्याच होत्या. त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटा मात्र जुन्याच. पहिल्या गॅरेजने त्या पुसून परत घातल्या होत्या. उन्हात धरल्यावर त्यांच्यावर निळसर-जांभळे डाग दिसले. पोलाद फार तापून गेल्याची ती खूण. मिस्त्रींनी आरशाचा एक तुकडा आडवा ठेवला आणि एकेक प्लेट त्यावर ठेवून कडेला बोट दाबले. तीन प्लेटा सपाट बसल्या. चौथी डुगडुगली. वाकलेली प्लेट सुटताना शेजारणीला घासणारच. मिस्त्रींनी मान डोलावली, नव्या पोलादी प्लेटा मागवल्या, बसवल्या, गाडी सरांच्या ताब्यात दिली.

ती चौथ्या दिवशी परत आली. सुधारणा होती, पण अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर गंजगोलाईच्या गर्दीत गाडीने पुन्हा ओढ घेतली होती. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थकवा दिसला, असे सर सांगतात. बदलण्यासारखे सगळे बदलून झाले होते. रिबोअर सुचवणारे आता गॅरेजच्या दारात उभे राहून हसत होते.

क्लच पुन्हा उघडला. हाताखाली नुकताच आयटीआयला नाव घातलेला एक मुलगा होता. त्याच्याकडे भाग धुवायचे काम आले. त्याने क्लचचे हाऊसिंग, म्हणजे प्लेटांचा गठ्ठा ज्यात बसतो ती खाचांची ॲल्युमिनियमची वाटी, रॉकेलमध्ये खळखळून धुतली. प्लेटा धुतल्या आणि जागा अडू नये म्हणून ओल्याच त्या वाटीत रचून ठेवल्या. मग त्याच्या लक्षात आले की तळातला एक वॉशर काढायचा राहिला. त्याने वाटी उचलली आणि घमेल्यावर पालथी घातली. खण, खण, खण करत प्लेटा खाली घसरल्या. दोन आतच राहिल्या. पालथ्या वाटीत, तिरक्या लटकलेल्या. मुलाने वाटीच्या बुडावर थाप मारायला हात उचलला.

“थांब! हाणू नको!”

मिस्त्री ज्या वेगाने उठले तो वेग त्या मुलाने आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी वाटी तशीच पालथी त्याच्या हातातून घेतली, दारात आणली, उन्हात धरली. हलवली. प्लेटा हलल्या नाहीत. बोटाने एका बाजूने ढकलल्यावर टक्‌ असा आवाज करून एक सुटली. मग मिस्त्रींनी रिकाम्या वाटीच्या एका दांड्याच्या कडेवरून आंगठ्याचे नख वरून खाली ओढले. नख अडकले. थोडे खाली पुन्हा अडकले. पुन्हा. त्यांनी मुलाचा हात धरून त्याचे नख त्या कडेवरून फिरवले, मग सरांचे. काळ्या तेलाखाली, सावलीत, डोळ्यांना न दिसलेल्या खाचांची एक अख्खी शिडी तिथे उभी होती.

उलगडा झाला तो असा. घर्षणाच्या प्लेटांच्या कडांना दात असतात. ते वाटीच्या उभ्या दांड्यांमध्ये अडकून फिरतात. इंजिनाचा प्रत्येक झटका त्या दातांमार्फत दांड्यावर बसतो. ॲल्युमिनियम मऊ. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी प्रत्येक प्लेटेने आपल्या जागी आपली खाच पाडली होती. लिव्हर दाबल्यावर प्लेटांनी त्या दांड्यांवरून अलगद सरकून एकमेकींपासून दूर व्हायचे, ते होत नव्हते. त्या आपापल्या खाचेत बसून राहत. म्हणून क्लच सुटेना, म्हणून न्यूट्रल मिळेना. मग कोणीतरी वायर ताणून प्लेटांना जबरदस्तीने दूर ओढी. पण वायर इतकी ताणली की लिव्हर सोडलेली असतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच राही. स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांवर पडेना, म्हणून त्या घसरू लागत. घसरण्यात इंजिनाची ताकद उष्णता होऊन तेलात आणि धातूत उतरे. वर इंजिन जोरात फिरते आणि गाडी हळू चालते, म्हणजे सिलिंडरच्या फिनवरून वाराही कमी वाहतो. उष्णतेने पोलादी प्लेटा वाकत, वाकलेल्या प्लेटा आणखी चिकटत, गिअर पुन्हा जड होत आणि पुढचा मेकॅनिक वायर आणखी एक आटा ताणी. मोटारीच्या महाग तेलाने या चक्राला नुसता वेग दिला. तापणे, घसरणे आणि चिकटणे हे तीन रोग नव्हतेच. एका तक्रारीवरचा उपाय दुसरीचे कारण होत होता.

आणि इतक्या जणांनी तोच क्लच उघडून ते पाहिले कसे नाही? मिस्त्रींकडे याचेही उत्तर होते आणि मला ते सगळ्या उलगड्यात अधिक मोलाचे वाटते. प्रत्येकाने, खुद्द त्यांनीही, प्लेटा पक्कडीने ओढून काढल्या होत्या. ओढल्यावर प्लेट येतेच. अडकलेली आणि मोकळी, दोन्ही सारख्याच येतात. जोर लावला की पुरावा नाहीसा होतो. मुलाने काहीच जोर लावला नव्हता. त्याने फक्त वाटी पालथी केली आणि प्लेटांना स्वतःच्या वजनाने खाली यायला सांगितले. ज्या यायला हव्या होत्या त्या आल्या नाहीत.

तरीही मिस्त्रींनी लगेच विजय पुकारला नाही. एकदा तेलाने फसवले होते, एकदा आरशाच्या तुकड्याने. त्यांनी बारीक कानस घेतली आणि संध्याकाळभर बसून दांड्यांच्या कडा हलक्या हाताने सपाट केल्या. हा कायमचा इलाज नव्हे, हे त्यांनी आधीच बजावले. कानस धातू खाते, दांडे बारीक होतात, प्लेटा सैल बसून खडखडतात. पण संशय खरा की खोटा हे कळायला एवढे पुरे होते. वाटी पुन्हा पालथी झाली. सगळ्या प्लेटा एका दमात घमेल्यात पडल्या.

परीक्षेची वेळ मिस्त्रींनी निवडली: दुपारी एक. वैशाख संपून ज्येष्ठ लागला होता, पाऊस नव्हता आणि पारा चाळिशीच्या वरच होता. गार सकाळी घेतलेल्या चाचणीनेच सर फसले होते. ही चाचणी रोगाला हवे तेच ऊन देऊन घ्यायची होती. सर पुढे, मिस्त्री मागे, पिशवीत पाने. चाकूर मागे पडले. शिरूर ताजबंदला मुद्दाम थांबले. गाडीने ओढ घेतली नाही. अहमदपूरच्या ऐन गर्दीत क्लच दाबून पायाने हलकासा धक्का दिला आणि हिरवा दिवा लागला. पुढच्या चढांवर, जशा चढाला इंजिन पहिल्या दिवशी किंचाळले होते तशाच चढांवर, ते दोन माणसांचे ओझे घेऊन एका सुरात वर गेले. सरांनी गाडी थांबवून इंजिनाजवळ हात नेला. गरम होते, जितके असायला हवे तितकेच.

“झालं ना मिस्त्री आता?”

“नाही झालं. आता बिघडवून बघू.”

रस्त्याकडेला उतरून त्यांनी पाना काढला आणि क्लचची वायर मुद्दाम ताणली. लिव्हरचा सगळा खेळ संपेपर्यंत. गाडी परतीला लागली. काही किलोमीटरांतच पहिल्या मोठ्या चढाला इंजिनाचा आवाज चढला, वेग पडला, जळकट वास आला. त्यांनी ताबडतोब थांबवले, निवू दिले, वायर सैल करून पुन्हा बोटभर खेळ ठेवला आणि तोच चढ पुन्हा चढून पाहिला. काही झाले नाही. हुकमावर आणता आला आणि हुकमावर घालवता आला, तेव्हा कुठे मिस्त्रींनी रोग सापडल्याचे मान्य केले. सरांनी त्या दिवशीच्या नोंदीत दोन्ही निकाल शेजारी शेजारी लिहिले. पुढे नववीच्या वर्गात प्रयोगाची उलट तपासणी म्हणजे काय हे सांगताना ते हेच उदाहरण देऊ लागले. मुलांना म्हणे ते पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा चटकन कळते.

नवे हाऊसिंग यायला आठवडा लागला. ते बसले, प्लेटा बसल्या, तेल तेच राहिले. हिशेब झाला तेव्हा कागदावर हाऊसिंग होते, पोलादी प्लेटा होत्या, पॅकिंग होते, तेल होते आणि जोडकामाची मजुरी होती. इतके दिवस चाललेल्या शोधाचा आकडा कुठेच नव्हता. सरांनी तो टाकायचा आग्रह धरला. मिस्त्रींनी हात पुसत घमेल्याशी बसलेल्या मुलाकडे मान वळवली.

“ते मी कुठं शोधलंय? त्यानं शोधलंय. त्यालाच इचारा किती घ्यायचे ते.”

मुलगा लाजला, काही बोलेना. सरांनी त्याला आयटीआयच्या पहिल्या वर्षाची पुस्तके घेऊन दिली. दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईकडून एक गाडी आली, वायर शेवटच्या आट्यापर्यंत ताणलेली. मिस्त्रींनी पक्कड खिशात घातली आणि क्लच उघडायला त्या मुलाला बसवले.